सागरकिनारा आणि सरकारी तिजोरी

(अक्कलकोट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हा ती वाचून गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चालकांना विचारले म्हणे, "अक्कलकोटला समुद्र कधीपासून आला?" प्रश्न थट्टेचा खरा, पण रास्त आहे. ज्या तालुक्यात पावसाची वाट पाहण्यात मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे जातात, ज्या गावात टँकरची आठवण काढली म्हणजे घशाला कोरड पडते, तेथे येऊन खाडी, कासव आणि खारफुटी यांवर बोलावे आणि तेही त्यांच्यासाठी सरकारने द्यावयाच्या पैशांवर, हे धाडसच म्हणावयाचे. तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर देऊनच आम्ही आरंभ करतो.

आपली बोरी नदी तुळजापूरच्या बाजूने येते, कुरनूरच्या धरणात थोडी विसावते आणि पुढे भीमेला मिळते. भीमा तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून कर्नाटकात जाते, तेथे कृष्णेच्या पदरात पडते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. त्या मुखाशी कांदळवनांचे एक मोठे अभयारण्य आहे. म्हणजे आपल्या शिवारातील पाणी आणि त्याबरोबर वाहणारी माती ही शेवटी एका कांदळवनाच्या वाट्याची आहे. वाटेत धरणे झाली, त्यात गाळ अडला, आणि कृष्णेच्या मुखाशी पूर्वी येत असे तेवढा गाळ आता येत नाही. तो अडविण्यात आपलाही वाटा आहे. पाणी अडविले यात आपण गुन्हा केला असे नव्हे. तहानलेल्याने पाणी अडवावेच. पण समुद्राशी आपला संबंध नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो संबंध पश्चिमेकडूनही आहे, कारण आपल्यावर पडणारा पाऊस अरबी समुद्रावरून निघालेला असतो आणि घाटमाथ्यावर बहुतेक रिता होऊन, उरलासुरला आपल्यापर्यंत पोहोचतो.

परंतु खरा संबंध याहून जवळचा आहे. तो तिजोरीचा आहे. काडेपेटी विकत घेणारा माणूसही कर भरतो. त्या कराच्या पैशातून कोकणातील एका मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळते, एका खाडीकाठच्या बचत गटाला खेकडे पाळण्यासाठी साहाय्य मिळते आणि चिखलात रोपे लावणाऱ्याला मजुरी मिळते. पैसा आपला आहे. तो कशासाठी जातो, योग्य ठिकाणी जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार जसा मालवणच्या माणसाला, तसाच अक्कलकोटच्या माणसालाही आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्या अधिकाराचा केलेला वापर आहे, असे समजावे.

कांदळवन म्हणजे काय

आपल्यापैकी पुष्कळांनी कांदळवन पाहिले नसेल. वडाचे झाड मात्र अक्कलकोटकरांना सांगावयास नको. वडाच्या पारंब्या वरून खाली येतात. कांदळवनातील तिवराच्या मुळ्या याच्या उलट करतात. त्या चिखलातून वर येतात आणि पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशा झाडाभोवती उभ्या राहतात. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळांची टोके वर काढून श्वास घेते. कांदळ नावाच्या झाडाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, त्याला हातभर लांबीची शेंगेसारखी कांडी फुटते, आणि मग ती चिखलात पडून उभी राहते किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन तेथे मूळ धरते. लेकराला पायावर उभे करून मगच घराबाहेर धाडावे, तसा हा प्रकार आहे. चिप्पी म्हणून कांदळवनातले आणखी एक झाड आहे. त्यातील पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 साली राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

या झाडांचे उपयोग तीन. पहिला, मासे, कोळंबी आणि खेकडे यांची पिले या मुळांच्या जाळीत वाढतात. म्हणजे खोल समुद्रात जाळे टाकणाऱ्याचे भांडवल येथे, काठावर तयार होते. दुसरा, लाटांचा आणि वादळाचा जोर ही झाडे खातात. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशात जे महाचक्रीवादळ आले, त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास झाला, आणि ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता त्या गावांत माणसे कमी दगावली, असे दिसून आले. आपल्याकडे 3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. तेव्हा हा प्रश्न काही दूरच्या प्रांताचा राहिलेला नाही. तिसरा उपयोग असा की, हवेतील कार्बन शोषून तो चिखलात शतकानुशतके पुरून ठेवण्याचे काम ही वने करतात, आणि जगाचे तापमान वाढत असताना त्या कामाला मोल आले आहे.

तिजोरीचे जुने धोरण

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सरकारचा पैसा किनाऱ्यावर आज प्रथमच जातो आहे असे नाही. पूर्वीही जात असे, पण उलट दिशेने. मुंबई राज्यात 1948 साली खार जमिनींचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात 1979 साली खार जमीन विकासाचा कायदा झाला. खाडीला बांध घालावा, खारे पाणी बाहेर ठेवावे आणि आतल्या जमिनीत भात पिकवावे, हा त्यामागील हेतू. देशात धान्याची टंचाई होती. त्या काळी हा हेतू वाईट नव्हता. पण भरतीचे पाणी थांबले म्हणजे कांदळवन मरते. मुंबईसारख्या शहरात तर पुढे भराव घालून खाड्याच बुजविल्या गेल्या. खारफुटी म्हणजे निरुपयोगी झुडूप, चिखल म्हणजे पडीक जागा, अशी समजूत सरकारचीही होती आणि समाजाचीही. एकच तिजोरी; कालपर्यंत तिने बांध घालावयास पैसे दिले आणि आज ती भरतीला वाट मोकळी करून देण्यासाठी पैसे देते. यात सरकारला हसण्यासारखे काही नाही. चूक कळल्यावर वाट बदलणे यालाच शहाणपण म्हणतात.

वाट कशी बदलली तेही पाहण्यासारखे आहे. 19 फेब्रुवारी 1991 रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. परंतु कागदावरील नियमाने कुऱ्हाड थांबत नाही. पर्यावरणासाठी झटणाऱ्या मुंबईतील एका संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि 6 ऑक्टोबर 2005 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली. कांदळवनापासून 50 मीटरच्या आत बांधकाम नको, आणि सरकारी जमिनीवरील कांदळवने संरक्षित वन म्हणून घोषित करा, असे आदेश दिले. 17 सप्टेंबर 2018 रोजी त्या खटल्याचा अंतिम निकालही त्याच दिशेने लागला. मध्यंतरी 2012 साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला आणि 2015 साली त्याच्या जोडीला कांदळवन व सागरी जैवविविधता प्रतिष्ठान उभे राहिले. म्हणजे आधी न्यायालयाचा हुकूम, मग कचेरी, आणि मग पैसा, असा हा क्रम आहे.

मनाई पुरत नाही

येथे कोणी म्हणेल, हुकूम झाला, पहारेकरी नेमले, मग अनुदान कशाला? चोराला चोरी न करण्याबद्दल बक्षीस द्यावयाचे काय? या आक्षेपाचे उत्तर कोकणात शोधण्याची गरज नाही. ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातच, नान्नजच्या माळावर आहे.

1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र किती? 8,496 चौरस किलोमीटर! सोलापूर आणि शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील गावेच्या गावे त्यात आली. शेतकऱ्याने पक्ष्याचे काही वाकडे केले नव्हते. उलट, त्याच्या ज्वारी-करडईच्या रानात तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होता. पण जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामावर बंधने आली, आणि त्या बंधनांच्या बदल्यात शेतकऱ्याच्या हाती काय आले, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. ज्याच्यामुळे सातबारा अडला तो पक्षी डोळ्यांत सलू लागला. पुढे कित्येक वर्षांनी अभयारण्याचे क्षेत्र घटवून सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोपर्यंत माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. आज नान्नजला तो पक्षी दिसला तर ती बातमी होते. माळढोक नष्ट होण्याची कारणे अनेक आहेत, गवताळ रान तुटले, पिके बदलली, विजेच्या तारा आल्या. परंतु ज्याने राखावयाचे त्यालाच आपण विरोधक करून ठेवले, हे त्यांपैकी लहान कारण नव्हे.

हीच गोष्ट समुद्रावरही घडली. 1987 साली मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रासह. आपली मासेमारी बंद होणार, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि वर्षानुवर्षे ते अभयारण्य कागदावरच राहिले. नान्नजचा शेतकरी आणि मालवणचा मच्छीमार यांची कधी भेट झाली नसेल, पण दोघांचा प्रश्न एकच होता: "राखायचे सगळ्यांसाठी, मग भुर्दंड माझ्या एकट्याला का?"

श्रोतेहो, आमच्या मते साऱ्या अनुदानांचे मूळ या एका प्रश्नात आहे. अनुदान म्हणजे दान नव्हे. सर्वांच्या हितासाठी एकाने जो तोटा सोसला त्यात इतरांनी घातलेली ती भर आहे. या कसोटीवर आता आपण निरनिराळी अनुदाने पाहू.

भरपाई, भांडवल आणि मजुरी

ही अनुदाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार भरपाईचा. रापण लावणारे मच्छीमार किंवा होडीतून जाळे टाकणारे मच्छीमार मासे धरावयास जातात. पण जाळ्यात कधी समुद्री कासव येते, कधी डॉल्फिन, तर कधी व्हेल शार्क नावाचा अवाढव्य पण निरुपद्रवी मासा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हे प्राणी संरक्षित आहेत. व्हेल शार्कला ते संरक्षण 2001 साली मिळाले. आता मच्छीमाराने काय करावे? प्राणी सोडावयाचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे त्याचे शेत आणि बैल दोन्ही. न सोडावा तर कायदा मोडतो. अंधाऱ्या समुद्रावर पाहावयास कोणी नसते. तेथे निर्णय मच्छीमाराचे मन आणि त्याचे पोट यांच्यामध्ये होतो. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरविले की, असा प्राणी जाळे कापून जिवंत सोडल्यास जाळ्याच्या नुकसानीबद्दल 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. सोडल्याचा पुरावा म्हणून छायाचित्र किंवा चलचित्र मात्र द्यावे लागते. गुजरातेत व्हेल शार्क वाचविण्याची चळवळ 2004 पासून चालू होती आणि तेथील मच्छीमारांनाही अशीच भरपाई मिळू लागली होती. तेथे या माशाला माहेरवाशिणीची उपमा देण्यात आली. पिले घालण्यासाठी माहेरी आलेल्या लेकीला कोण मारील? उपमेने मन वळते आणि भरपाईने पोट सांभाळले जाते. दोहोंपैकी एकाने काम भागत नाही.

या योजनेत अडचण नाही असे नव्हे. हलत्या होडीत, रात्रीच्या वेळी, ओल्या हातांनी एकाने कासव सोडवावे आणि दुसऱ्याने त्याचे चित्र घ्यावे, हे बोलण्याइतके सोपे नाही. अर्ज, पंचनामा आणि बँकेचे खाते यांतून जाताना पैसा उशिरा आला, तर पुढच्या वेळी हात आखडतो. दुष्काळी अनुदानाच्या यादीत आपले नाव शोधत कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्या तालुक्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भरपाईचे निम्मे मोल तिच्या वेळेवर असते.

दुसरा प्रकार भांडवलाचा. 2017 साली राज्याने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना काढली. खाडीकाठच्या लोकांनी खेकडे, कालवे, शिणाणे, पिंजऱ्यातील जिताडा किंवा शोभिवंत मासे पाळावेत, पर्यटकांना कांदळवन दाखवावे, आणि त्यासाठी लागणाऱ्या खर्चातील 90 टक्के वाटा सामूहिक प्रकल्पात, तर 75 टक्के वाटा वैयक्तिक प्रकल्पात सरकारने उचलावा, अशी तिची मांडणी आहे. उरलेले 10 किंवा 25 टक्के लाभार्थ्याने घालावयाचे. हा शेवटचा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. फुकट आलेल्या शेळीचा दोर कोणी घट्ट धरत नाही. स्वतःचे चार पैसे गुंतले की माणूस रात्री उठून गोठ्यात डोकावतो. आणि या योजनेची खुबी अशी की, खेकडा जगतो तो कांदळवनातून येणाऱ्या जिवंत पाण्यावर. वन गेले की धंदा गेला. तेव्हा सरकारने एका खेकड्यामागे एक राखणदारही उभा केला, असे म्हणावयास हरकत नाही. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवितो. ज्या चिखलाकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नव्हते, तो चिखल दाखवून संसाराला हातभार लागू लागला, हे काय थोडे झाले?

या कामाला बाहेरूनही पैसा आला आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठी 2012 पासून काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एक प्रकल्प चालला. पुढे जागतिक हरित हवामान निधीने आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी 4 कोटी 34 लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले, आणि ते काम 2019 साली सुरू झाले.

तिसरा प्रकार मजुरीचा. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास या गावी 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्यास आरंभ केला. मादी रात्री वाळूत येऊन शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. सुमारे 50 दिवसांनी पिले बाहेर येतात. तोवर ती अंडी माणसांपासून, कुत्र्यांपासून आणि कोल्ह्यांपासून जपावी लागतात. पहाटे किनारा चालून घरटी शोधणाऱ्या स्थानिक तरुणांना कासवमित्र म्हणतात आणि हंगामात त्यांना मानधन दिले जाते. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात आणि पैसे देतात. जी अंडी एकेकाळी चोरून नेली जात, त्या अंड्यांच्या जिवावर आता गावात चूल पेटते.

आणि या कासवांचा आपल्याशी संबंध पाहावयाचा असेल तर एक हकीकत सांगतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली एका मादीच्या पंखाला क्रमांकाची खूण लावली होती. ती मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेचा किनारा आणि पश्चिमेचा किनारा यांत तिने भेद मानला नाही. मग ज्यांच्या नदीचे पाणी पूर्वेस जाते आणि ज्यांचा पाऊस पश्चिमेकडून येतो, त्या आपण तो का मानावा?

मजुरीचा विचार करताना आणखी एका गोष्टीने आमचा ऊर भरून येतो. 1972 च्या दुष्काळात या जिल्ह्याने खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाल्ली. त्या हालांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 2005 साली केंद्राने तेच तत्त्व साऱ्या देशासाठी स्वीकारले. 5 जून 2023 रोजी केंद्र सरकारने कांदळवन लागवडीची 'मिष्टी' नावाची योजना सुरू केली. नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच वर्षांत सुमारे 540 चौरस किलोमीटरवर काम करावयाचे, आणि त्यासाठी रोजगार हमी व वनीकरणाचा भरपाई निधी यांतील पैसा एकत्र आणावयाचा, असे तिचे रूप ठरले. म्हणजे कोरड्या महाराष्ट्राने घाम गाळून जे तत्त्व देशाला दिले, त्याच्या आधारे खाडीच्या चिखलात रोपे लावावयाचे ठरले. समुद्राने आपल्याला पाऊस दिला. आपण समुद्राला हे दिले. देणे अगदीच एकतर्फी नाही.

रोपे मोजावीत की झाडे

येथपर्यंत आम्ही अनुदानाची बाजू मांडली. पण दोष झाकून केलेली वकिली टिकत नाही. मोठा दोष असा की, सरकारी पैसा मोजता येईल अशा गोष्टीमागे धावतो. रोपे मोजता येतात. भरती-ओहोटीची वाट मोकळी झाली की नाही हे सहज मोजता येत नाही. म्हणून लाखो रोपे लावल्याचे आकडे येतात. आपल्याकडे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे झाड लावण्याचा समारंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. किनारा त्याला अपवाद नाही.

श्रीलंकेत 2004 च्या सुनामीनंतर जगभरातून पैसा आला आणि कांदळवनाची मोठी लागवड झाली. पुढे शास्त्रज्ञांनी 23 ठिकाणे तपासली, तेव्हा त्यांपैकी 9 ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. पैसा कमी पडला नव्हता. जागा चुकली होती. ज्या उंचीवर पाणी दिवसातून ठराविक काळच येते तेथे रुजणारे झाड, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावले तर गुदमरणारच. बाजरी तळ्यात पेरली आणि उगवली नाही म्हणून बियाण्याला दोष द्यावा, तसे हे झाले. अनेक ठिकाणी लागवडीची गरजच नसते. अडलेला ओहोळ मोकळा केला, राडारोडा काढला, की भरतीच्या पाण्याबरोबर बी येते आणि वन आपले आपण उठते. पण ओहोळ मोकळा करण्याच्या कामाचे उद्घाटन करावयास कोण येणार?

गुजरातचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. तेथील कांदळवन 1987 साली 427 चौरस किलोमीटर होते, ते 2017 साली 1,140 झाले. हे यश लहान नाही. मात्र लागवड बहुतांशी तिवराच्या एकाच जातीची आहे. एकाच पिकाच्या शेतीचा धोका ऊस आणि तूर करणाऱ्या या तालुक्याला ठाऊक आहेच.

दुसरा दोष अधिक नाजूक आहे. या कामाच्या पैशाचा काही भाग कोठून येतो? रस्ते, पूल आणि रेल्वे यांसाठी कांदळवन तोडावे लागले म्हणजे जी भरपाई घेतली जाते, तिच्यातून. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी सुमारे 22 हजार कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने परवानगी दिली. सार्वजनिक गरजेचे काम असेल तर परवानगी द्यावी लागते, हे आम्ही जाणतो. पण तोडलेले वन शंभर वर्षांचे असते आणि लावलेले रोप वीतभर असते. दोघांची संख्या सारखी किंवा पाचपट दाखविली, म्हणून हिशेब जुळला असे होत नाही. राखण्याचा निधी तोडण्यावर अवलंबून राहिला, तर जितके तोडावे तितका निधी मोठा, असा विचित्र प्रसंग येईल. म्हणून किनारा राखण्याचा मुख्य खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातूनच, सर्वांच्या करातून, आला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. तो आपल्याही खिशातून जाईल, हे माहीत असूनच आम्ही हे अक्कलकोटात सांगत आहोत.

आपण काय मागावे

मग करदाते म्हणून आपण काय मागावे? आमच्या मते तीनच गोष्टी. पहिली, पैसा ज्याने तोटा सोसला त्याच्या हाती, आणि हंगाम उलटण्यापूर्वी पडावा. दुसरी, हिशेब लावलेल्या रोपांचा नव्हे, तर पाच वर्षांनी उभ्या असलेल्या झाडांचा आणि जगणाऱ्या धंद्यांचा मागावा. तो गावाच्या ग्रामसभेत वाचला जावा. आणि तिसरी, जो न्याय किनाऱ्याला तोच माळरानाला. या तिसऱ्या मागणीसाठी आम्ही येथवर आलो आहोत.

काळवीटांचा कळप रात्रीतून हरभरा खाऊन जातो, हे आपल्याकडील शेतकऱ्याला सांगावयास नको. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीची भरपाई राज्याच्या नियमांत आहे. पण माळरान राखणाऱ्यासाठी, गवत न नांगरणाऱ्यासाठी, खेकड्याच्या योजनेसारखी भांडवलाची योजना कोठे आहे? ज्या विचाराने मच्छीमाराच्या जाळ्याला किंमत आली, त्याच विचाराने मेंढपाळाच्या गवताळ रानाला किंमत यावी. हे मागावयाचे तर कोकणाच्या अनुदानाला नाक मुरडून चालणार नाही. "त्यांना का?" असे विचारणारा "आम्हालाही" असे म्हणण्याचा अधिकार गमावून बसतो. उलट, त्यांचे अनुदान हे आपल्या मागणीचे प्रमाण आहे. मालवणला पटलेला न्याय नान्नजला नाकारता येणार नाही, आणि नान्नजला चुकलेला धडा मालवणने पुन्हा गिरवू नये.

माळढोकाच्या बाबतीत आपण पैशाची भाषा फार उशिरा शिकलो, आणि शिकेपर्यंत माळ रिता झाला. समुद्राला अजून उशीर झालेला नाही. कासवे अजून येतात, तिवरांची मुळे अजून चिखलातून वर डोकावतात. ते राखण्याचे काम जे चार-दोन हजार मच्छीमार आणि खाडीकाठच्या बाया करीत आहेत, त्यांच्या पाठीशी साऱ्या राज्याची तिजोरी असावी, आणि त्या तिजोरीच्या किल्लीवर आपलीही नजर असावी.

सुरुवातीस ज्या गृहस्थांनी अक्कलकोटला समुद्र कधीपासून आला असे विचारले, ते सभेत असतील तर त्यांना आमचे उत्तर असे: समुद्र येथे आला नाही, पण बोरीचे पाणी रोज तिकडे जाते, आणि आपला पैसाही. पाण्याची वाट आपण विचारतोच. पैशाचीही विचारू या.